दहा नंबरचे बूट

बूट मीच दारात ठेवले होते. तेव्हा शिव्या घालायच्या तर आधी मला घाला.

ठमीचा बाप गेला त्याला आता दीड वर्ष होईल. मेला नाही, गेला. एक दिवस बॅग भरली, म्हणाला हे लोढणं मला झेपत नाही, आणि जिना उतरला. लोढणं म्हणजे मी आणि त्याची साडेपाच वर्षांची पोर. नंबर बदलला, पत्ता कुणाला दिला नाही. दिराला विचारायला गेले तर त्याने कानांवर हात ठेवले. वर मलाच चहा पाजून म्हणतो, "वहिनी, जरा सांभाळून राहा हं." मोठा आलाय शहाणा!

मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला आहे. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. नऊला लागायचं, सहाला सुटायचं, घरी पोचेपर्यंत साडेसहा. ठमीची शाळा तीनला सुटते. म्हणजे साडेतीन तास पोर त्या एका खोलीत एकटी. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. दाराचं खालचं लाकूड कुजलेलं आणि कडी अशी की जोरात शिंकलं तरी निघेल.

एका दुपारी कुणीतरी ती कडी हलवली. "दार उघड बाळ, तुझ्या आईने पाठवलंय मला." ठमी खाटेखाली शिरली. शेजारच्या मावशी शिलाई मशीन सोडून ओरडत बाहेर आल्या तेव्हा तो पळाला. मी घरी आले तर पोर अजून खाटेखालीच, फ्रॉक ओला झालेला. तिला ओढून बाहेर काढलं आणि आधी फ्रॉक बदलला.

त्याच संध्याकाळी मावशींनी कपाटाच्या तळातून त्यांच्या यजमानांचे बूट काढून दिले. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. काळे, दहा नंबरचे, होडीएवढे. "दारात ठेव," म्हणाल्या. "पुरुषाचे बूट दिसले की निम्मी कुत्री तिथूनच शेपूट घालतात."

आणि उरलेल्या निम्म्यांसाठी मी ठमीला धडा शिकवला. दारावर कुणीही येवो, बाई असो की बाप्या, आतून मोठ्याने म्हणायचं, "बाबा झोपलेत, नंतर या."

"आणि त्याने म्हटलं, आईनेच सांगितलंय, तर?"

"मी समोर नसताना कुणी माझं नाव घेतलं, तर ते खोटं समजायचं. काहीही झालं तरी बदलायचं नाही."

रोज तालीम चालायची. मी बाहेर जाऊन दार वाजवायचे. कधी पोस्टमन व्हायचे, कधी पोलीस, कधी रडणारी म्हातारी. एकदा तर माझाच आवाज काढून म्हटलं, "अगं, आई आलेय." आतून खुदखुद हसू ऐकू आलं, पण उत्तर तेच. "बाबा झोपलेत, नंतर या." एकदाही चुकली नाही माझी पोर.

मी मात्र आणखी अक्कल चालवली. कोरडेठाक बूट महिनाभर एकाच जागी दिसले तर कुणालाही संशय येईल. म्हणून रोज सकाळी त्यांची जागा बदलायची, नळाखाली तळवे ओले करायचे आणि मावशींच्या कुंडीतली माती फासायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

या सगळ्याच्या आधीच मी घरांच्या ऑफिसात अर्ज टाकून बसले होते. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांसाठी एक इमारत आहे. दोन खोल्या, भाडं जेमतेम, वर दरमहा थोडी मदत. मला दोन खोल्यांचं अप्रूप नव्हतं. त्या इमारतीत तळमजल्यावर एक हॉल आहे. शाळेतून आलेली मुलं तिथे बसतात, आणि आई येईपर्यंत एक बाई त्यांच्याजवळ असते. ती बाई मला हवी होती. तेवढ्यासाठी चौदा महिने रांगेत होते. नवऱ्याची सही नाही, कोर्टाचा कागद नाही, तरी हेलपाटे घालून घालून फाइल पुढे सरकवली. शेवटी नंबर लागला. फक्त घराची पाहणी तेवढी बाकी होती.

पाहणी करणारा साहेब मंगळवारी चार वाजता आला. न कळवता. का, तर कळवलं की बायका नवरा लपवतात म्हणे. मावशी नेमक्या त्या दिवशी शिवलेले गणवेश पोचवायला गेलेल्या.

मी घरी आले तर ठमी नाचतच सांगायला लागली. "आज एक काका आले होते! म्हणाले, तुझ्या आईनेच बोलावलंय. पण मी बदललं नाही!"

"शाब्बास गं माझी वाघीण," मी म्हटलं आणि तिला जवळ घेतलं. तिला दोन बिस्किटं जास्त दिली.

दहा दिवसांनी पत्र आलं. दारात पुरुषाचे बूट, तळव्यांना ताजा चिखल. वडील घरात झोपले असल्याचे मुलीने सांगितले. सबब अर्जदार एकटी राहत नाही, अर्ज नामंजूर. सुनावणी मागता येईल, एकदाच.

सुनावणीला मी ठमीला घेऊन गेले, मावशीही बरोबर आल्या. दुखऱ्या गुडघ्याने चालत, पिशवीत ते बूट घेऊन. टेबलापलीकडच्या मॅडम वयाने मावशींच्या आणि माझ्या मधल्या. आवाज मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या बुटांना ताजा चिखल कसा?"

मी कुंडीचं सांगितलं. सांगतानाच कळत होतं की कुणी कशाला विश्वास ठेवेल! कडीचं सांगितलं, खाटेखालचं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेही जमलं नाही.

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण फाइलमध्ये मुलीचा शब्द आहे. मी तिच्याशी एकटीनेच बोलते. आईसमोर मुलं आईच्या मनासारखं बोलतात."

माझा जीव भांड्यात पडला. सकाळी वेणी घालतानाच मी ठमीला समजावलं होतं, की आज ऑफिसातल्या बाईंना खरं सांगायचं, बाबा आपल्याकडे राहत नाहीत म्हणून. तिने विचारलं होतं, "तू असशील ना तिथे?" मी म्हटलं होतं, "असेन की गं."

मॅडमनी तिला बोटाला धरून पलीकडच्या खोलीत नेलं. जाता जाता ठमीने मागे वळून पाहिलं. मी हसून मान हलवली. मग दार लागलं.

पाच मिनिटंही झाली नसतील. मॅडम परत आल्या तेव्हा त्या माझ्याकडे बघेनात.

"तीनदा विचारलं. तुझ्या आईनेच खरं सांगायला सांगितलंय, असंही म्हटलं. ती म्हणते, बाबा झोपलेत, नंतर या."

"माझ्यासमोर विचारा," मी ओरडले. "पाया पडते तुमच्या, एकदा माझ्यासमोर विचारा!"

"तुमच्यासमोर तिने शब्द फिरवला, तर मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. बाहेर पुढची बाई बसलेली होती, कडेवर मूल घेऊन.

जिन्यात ठमी उड्या मारत उतरत होती. "आई, त्यांनी चॉकलेट पण देऊ केलं. आणि त्या पण तेच म्हणाल्या, आईने सांगितलंय! मला लगेच कळलं."

"सकाळी काय सांगितलं होतं मी तुला?" माझा हात वर गेला. खरंच गेला. मावशींनी मनगट धरलं नसतं तर त्या दिवशी मी पोरीला बडवून काढलं असतं.

ठमी दोन पायऱ्या मागे सरकली. "पण तू आत नव्हतीस ना," ती म्हणाली. "तू समोर नसलीस की बदलायचं नाही." मग तिने जिन्याचा कठडा धरला. "मी चुकले का?"

मला हो म्हणायचं होतं. पण उद्या तीनला शाळा सुटणार होती. दार तेच, कडी तीच, आणि मी सहापर्यंत चादरी पिळत असणार.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर सांगितलंस. शाब्बास."

घरी येऊन मावशींच्या पिशवीतून बूट काढले. तळवे नळाखाली धरले, कुंडीतली माती लावली आणि दारात ठेवले.