निळा थर

रोडोपीच्या डोंगरात आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि त्यात स्तामेनची सगळ्यांना धास्ती होती. कुणी तेजोमेघात हातानं रंग भरला की तो चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करायचा. दुर्बिणीत आला नाही तो रंग चित्रात येता कामा नये आणि ज्याचा प्रकाश त्याचंच नाव, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून तर मंडळातला ल्युबेन गेल्यावर त्याचं अर्धवट चित्र त्याच्या बायकोनं, नेव्यानानं, स्तामेनकडे सोपवलं. वर्षश्राद्धाला तिथल्या रीतीप्रमाणे लोक उकडलेला गोड गहू खायला येतील तेव्हा नवऱ्याचं शेवटचं चित्र भिंतीवर असावं, अशी तिची इच्छा होती.

प्रत्येक रंग वेगळ्या काचेतून टिपायचा आणि मग थरावर थर ठेवायचा, असं हे काम. लाल थर ल्युबेननं धडधाकट असताना टिपला होता, तो झकास होता. निळा आजारपणातला. स्तामेननं तो लालवर ठेवला आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. तंतू न् तंतू जुळत होता. या तेजोमेघात निळे तंतू लालच्या शेजारून जातात, त्यांच्यावरून नव्हे. काचच चुकीची बसली होती. मरणाच्या दारात, थंडीत कुडकुडत ल्युबेननं पुन्हा लालच गोळा केला होता. स्तामेनला रडू आलं.

खरं सांगायचंच असं ठरवून तो तिच्याकडे गेला. ती अंगणात मिरच्या भाजत होती.

"या भावजी. तोंड का पडलंय? निळं आलं ना नीट?"

"त्याचंच सांगायला आलोय, वहिनी."

"नीट यायलाच हवं. त्या काचा मी बसवल्यात." ती मिरच्या उलटत म्हणाली. "पुसायला काढल्या आणि ल्युबेनचे हात थरथरायला लागले. म्हणाला, तूच बसव. जन्मभर त्या दुर्बिणीला सवत म्हणत आले मी, आणि शेवटी तिला माझाच हात लागला. निळ्यात तुझाही वाटा, असं म्हणायचा."

स्तामेन तिच्याबरोबर मिरच्या उलटायला लागला.

"बोला की."

"काही नाही. दुर्बीण न्यायची होती. झाकण लावून नुसत्या अंधाराचे फोटो घ्यायचेत. कॅमेऱ्याचे डाग काढायला लागतात."

"अंधाराचे फोटो! तोही असंच म्हणायचा. येडे आहात सगळे."

स्तामेननं दुर्बीण आपल्या अंगणात मांडली, योग्य काच बसवली आणि झाकण काढून ठेवलं. चंद्र नसलेल्या रात्री मिळाल्या तशा त्यानं निळा प्रकाश गोळा केला.

वर्षश्राद्धाला मंडळातला अस्पारूह चित्रापुढे रेंगाळला. "हे निळं कुणाच्या हातचं, ते कळतंय मला," तो हळूच म्हणाला. "तुझं नाव कुठंय?"

"ज्याचा प्रकाश त्याचं नाव," स्तामेन म्हणाला. चित्राखाली त्यानं ल्युबेनचं नाव लिहिलं होतं आणि शेजारी नेव्यानाचं.

ती चष्मा लावून जवळ आली. एका निळ्या तंतूवर तिनं बोट ठेवलं.

"यातलं माझं किती, भावजी?"

"निळं सगळं."

अस्पारूहनं काही तरी बोलायला तोंड उघडलं. स्तामेननं त्याच्या हातात गव्हाची वाटी दिली.