म्यूटमधलं बटण

संग्रहालयातली जुनी ट्रम्पेटं साफ करायचं काम माझं. वीस वर्षं करतोय. मला धुळीचा राग आहे, आणि धूळ करणाऱ्या माणसांचा त्याहून जास्त. पाठीमागे मला सगळे लख्खमास्तर म्हणतात. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी सुखावायचो.

गेल्या वर्षी एका दिवंगत वादकाचा संग्रह आला. तीन ट्रम्पेटं, पाच म्यूट, चाळीसेक तबकड्या. म्यूट म्हणजे ट्रम्पेटच्या पसरट तोंडात खोचायचा पत्र्याचा पोकळ शंकू. त्याने आवाज दबतो, बदलतो. तबकड्या ध्वनिविभागात गेल्या, पत्रा माझ्याकडे. एक म्यूट हलवलं की आत खुळखुळायचं. मी चिमटा घालून आतलं तपकिरी बटण काढलं आणि कापसाच्या बोळ्यांबरोबर कचऱ्यात टाकलं. नोंदपत्रकात लिहिलं, ‘आतील कचरा काढला.’ खरं तर वस्तूतून निघालेलं काहीही पाकिटात घालून ठेवायचं, असा नियम आहे. नव्या लोकांना तो मीच शिकवतो. पण बटणाला कोण विचारतं?

त्या संग्रहाच्या प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी वादकाची बायको आली. सगळे तिला आजीच म्हणू लागले. तिला एक तबकडी ऐकवली. सूर दबका, आणि त्याच्याखाली सतत एक बारीक झिर्रर्र. तबकडी खराब झालीय का, असं संग्रहालयाच्या प्रमुख असलेल्या आमच्या मोठ्या बाईंनी विचारलं.

“नाही हो,” आजी हसली. “ते माझ्या कोटाचं बटण. पहिल्या भेटीत तुटलं, ह्यांनी उचललं आणि म्यूटमध्ये टाकलं. जन्मभर मागितलं, दिलं नाही. आता तो आवाज एकदा समोर ऐकायचाय, म्हणून तर सगळं तुम्हाला दिलं.”

कचरा जाऊन महिना झाला होता.

सांगायला हवं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. दोन दिवसांनी, उद्घाटनाला वाजवणार होती ती बँडमधली एक वादक पोरगी तालमीला आली. तिने तेच म्यूट लावून तीनतीनदा वाजवलं. सूर स्वच्छ. झिर्रर्र कुठेच नाही. मोठ्या बाईंनी तिला अजून सराव करायला सांगितलं. फुंक कमी पडते माझी, असं म्हणून ती बिचारी खाली मान घालून गेली. मी तिथेच उभा होतो, हातात फडकं घेऊन.

उद्घाटनाच्या सकाळी मी माझ्या शर्टाचं तिसरं बटण कापलं आणि म्यूटमध्ये टाकलं. मोकळ्या जागेवर ओळखपत्र लटकवलं. शहाणपणा केला असं वाटलं, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पोरीने वाजवलं आणि झिर्रर्र आलं. अगदी तसंच नव्हे, पण आलं. आजीने डोळे मिटले. पोरीचा चेहरा उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई सगळ्यांना सांगू लागल्या, की आमच्या मास्तरांच्या हातून वीस वर्षांत एक वस्तू हरवलेली नाही.

आजीने म्यूट मागून घेतलं आणि तळहातावर उपडं केलं. पांढरं, पातळ, चार भोकांचं बटण पडलं. तिने ते बोटाने उलटवलं. मग वर पाहिलं. सगळ्यांवरून फिरत तिची नजर माझ्या ओळखपत्रापाशी थांबली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ आली आणि तिने हळूच विचारलं, “माझं कुठाय?”

“टाकलं मी. कचरा समजून.”

मग तिने माझा हात उघडला आणि बटण त्यात ठेवलं.

“ह्यांनी माझं परत दिलं नाही. तुमचं मी देते. लावून घ्या.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी अजून टाळ्या घेत होती. मी मोठ्या बाईंकडे गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, तालमीत चूक हिची नव्हती. मग उरलेलं सांगितलं.

नोंदपत्रक मी दुरुस्त केलं आहे. ‘आतील कचरा’ खोडून ‘आजींच्या कोटाचं बटण, माझ्या हातून गेलं’ असं लिहिलं. शर्टाला ते बटण मात्र अजून लावलेलं नाही.