पडद्यावरची पऱ्हाटीची बंडी

मी पऱ्हाटीनं भरलेली एक बंडी बोलतेय. बंडी म्हणजे बैलगाडी, आणि पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडं. आमच्याकडे ती उपटून चुलीसाठी घरी आणतात. पण मला हात लावायला येऊ नका. मला लाकूड नाही, लोखंड नाही. मी संगणकात राहते आणि माझे बैल कधी चारा मागत नाहीत.

मला उज्ज्वलानं घडवलं. ही बोरी अरबजवळच्या तांड्यावरच्या रामसिंग राठोडांची मुलगी, पुण्यातल्या एका कंपनीत इंजिनिअर. तिची कंपनी मालवाहू गाड्या बनवते. त्या गाड्यांचं सगळं शहाणपण सॉफ्टवेअरमध्ये असतं. पुढं काही आडवं आलं तर गाडी आपणहून ब्रेक लावते. विकून झाल्यावरही तिचं डोकं दुरूनच बदलता येतं, मोबाईलमध्ये अपडेट येतं ना, तसं. आता असलं डोकं खऱ्या रस्त्यावर तपासायचं तर माणसं मरतील. म्हणून आधी संगणकात खोटा रस्ता करतात, खोटी माणसं, खोटी जनावरं करतात आणि त्यांच्यात गाडी सोडून देतात.

उज्ज्वलाच्या वाट्याला गावाकडचे रस्ते आले, तेव्हा ती घरून काम करायची परवानगी काढून तांड्यावर आली. बापाची बंडी समोर ठेवून तिनं मला केलं. पऱ्हाटी रचायची आमची रीत अशी, की चाकं पार झाकून जातात. मागून बघणाऱ्याला ना बैल दिसतात ना बंडी, नुसतं एक भलंमोठं झुडूप रस्त्यानं चाललेलं दिसतं. त्याच्या मागं एक बाई चालते. ती उज्ज्वलाची आई, हंसाबाई. घसरलेल्या काड्या उचलायच्या आणि पुन्हा खोचायच्या, हे तिचं काम. उज्ज्वलानं तीही केली, डोक्यावरच्या पदरासकट. इतक्या मायेनं खऱ्या बंडीलासुद्धा कुणी वंगण घालत नाही.

मग गाडी आली. तिनं मला पाहिलं आणि ठरवलं, हे रस्त्याकडेचं झुडूप आहे; काड्या खोचत चिकटून चालणारी हंसाबाईही तिला त्या झुडपाचाच भाग वाटली. ती सरळ हंसाबाईच्या अंगावर गेली. संगणकातलं मरण सोपं, बटण दाबलं की बाई पुन्हा उभी. पुन्हा गाडी आली, पुन्हा तेच झालं. उज्ज्वलानं ऊन बदललं, वेग कमी केला, काही फरक पडला नाही. दर खेपेला ती डोळे मिटून घ्यायची.

तिनं पुण्याला फोन लावला. कपिल हा तिचा साहेब. वाईट माणूस नव्हे, फक्त कायम घाईत.

“उज्ज्वला, एवढं भरलेलं नियमात तरी बसतं का?”

“नाही बसत सर. पण असंच भरतात.”

“मग नियमात बसेल एवढं ठेव. मागे लाल रिफ्लेक्टर लाव. अपडेट याच आठवड्यात जायला हवं.”

“सर, मागं बाई चालते.”

“बाई राहू दे की. पऱ्हाटी कमी कर.”

ती बराच वेळ भांडली. मग ऐकलं तिनं. नाही ऐकलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं आणि मी तरीही सोलली गेले असते, हे मला कळतं. पण सांगते, राग आला. गाडीला नीट बघायला शिकवायचं सोडून त्यांनी मलाच उघडं पाडलं. माझी चाकं बाहेर आली, पाठीवर लाल टिकली चमकू लागली, आणि गाडी हंसाबाईच्या मागं शहाण्यासारखी थांबली. कंपनीत सगळे खूश झाले. ते नवं डोकं विकलेल्या सगळ्या गाड्यांत गेलं. त्यातल्या काही सामान पोचवायला रोज तांड्याजवळच्या दारव्ह्याच्या रस्त्यानं जातात.

पडद्यावर गाडी पहिल्यांदा थांबली, नेमकी त्याच वेळी हंसाबाई चहा घेऊन आली होती.

“हे मी हाओ का?” तिनं पडद्याकडं बोट दाखवलं.

“हो याडी.” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

“अन् गाडी थांबली?”

“थांबली.”

झालं. हंसाबाईनं रामसिंगला हाक मारली, शेजारच्या शकुबाईला बोलावलं. सगळ्यांनी बघितलं. गाडी दर वेळी थांबली आणि हंसाबाईची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी गाडी थांबवली नव्हती.

चार दिवसांनी जेवताना रामसिंगनं विषय काढला.

“तुह्या मायले सांग पोरी. मांगून गाडी आली तरी हटूनच नाही राह्यली. आधी कशी पटकन रस्त्याखाली उतरे.”

“कायले हटू?” हंसाबाई म्हणाली. “माह्या पोरीनं शिकोलं त्या गाडीले.”

उज्ज्वलानं हातातला घास ताटात ठेवला.

“याडी, ते खरं नाही. म्या पऱ्हाटी कमी केलती. भरलेली बंडी त्या गाडीले वळखूच येत नाही.”

हंसाबाई हसली. “तुह्यं नेहमीचंच हाय. दहावीत पयली आलती तवाही म्हणे, पेपर सोपा होता.”

“याडी, आयक माह्यं.”

“म्या माह्या डोयानं पाह्यलं. तू काहून कमीपणा घेतं?”

उज्ज्वलानं लॅपटॉप उघडला. तिला माझं पहिलं रूप दाखवायचं होतं, गच्च भरलेलं. पण ते काम बंद झालं होतं. माझं ते रूप कंपनीनं काढून टाकलं होतं आणि नवी चाचणी करायची परवानगी तिच्याकडे उरली नव्हती. उरले होते मी, ही अशी उघडी. तिनं मला सुरू केलं. गाडी थांबली. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा पुन्हा केलं, रडत केलं.

“पाय, थांबली न?” हंसाबाई म्हणाली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

एकदा तरी चुकावं, एकदा तरी गाडी अंगावर घ्यावी, म्हणून मी किती तळमळले. पण मला जसं केलंय तसंच मला चालावं लागतं. लेक खरं बोलत होती आणि माझ्यामुळे खोटी ठरत होती. लोक मला यशस्वी चाचणी म्हणतात. मला माझी शिसारी येते.

रामसिंगला पऱ्हाटी कमी भरा म्हणावं तर तो म्हणतो, खेपा वाढते. हंसाबाईला बैलांपुढं चाल म्हणावं तर ती विचारते, काड्या कोन उचलन? कपिलचं उत्तर आलं की पुढच्या अपडेटला बघू. सध्या उज्ज्वला सुट्टी टाकून आईच्या मागं चालते आणि गाडी आली की हात आडवा करते, असं रामसिंग सांगत होता. लेकीला शेतातल्या कामाची ओढ लागली म्हणून हंसाबाईला कौतुक. सोमवारी उज्ज्वलाला पुण्याला परत जायचं आहे. मीही तिच्याबरोबर जाईन, मिटलेल्या लॅपटॉपमध्ये. पऱ्हाटी अजून बरीच उपटायची राहिली आहे.

तेव्हा तुम्हीच ऐका. दारव्ह्याच्या रस्त्यानं गेलात आणि पुढं एक झुडूप हलताना दिसलं, तर गाडीच्या शहाणपणावर विसंबू नका. ब्रेकवर स्वतःचा पाय ठेवा. त्या झुडपाच्या मागोमाग हंसाबाई चालतेय, आणि ती आता बाजूला होत नाही.