अर्धा भरलेला कुर्ता

मला वाकडं काही सहन होत नाही. पस्तीस वर्षं लखनौच्या एका संशोधन संस्थेत फुलापानांची वर्गवारी केली. पाकळी कुठे चुकली ते आधी दिसायचं, फूल मागाहून. निवृत्त होऊन गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि ही रिकामी नजर माझ्या बायकोकडे, पद्मिनीकडे वळली.

पद्मिनीनं साठीला चिकनचं भरतकाम शिकायला घेतलं. आठवड्यातून दोनदा ई-रिक्षानं जुन्या लखनौतल्या चौक भागात जायची, कनीज आपांकडे. आपांच्या घरात चार पिढ्या हेच काम. तिनं माझ्यासाठी पांढरा कुर्ता घेतला, त्यावर निळ्या रंगात वेल छापून आणली आणि बाल्कनीत बसून छाप्याबरहुकूम टाके घालू लागली. टाके दिव्यच होते. तिची फुलं बघून मी कोबीच्या गड्ड्यांची चौकशी करायचो, ती हसायची.

एकदा मात्र हसली नाही. "अहो, कला म्हणजे काय तुमची परीक्षा आहे, पास-नापास करायला?" म्हणाली.

हात बसलेला नसेल तर कला कसली, मी म्हटलं, हा नुसता विरंगुळा. त्यानंतर मी घरात असलो की ती सुई हातात घेईनाशी झाली. माझ्या ते लक्षातही आलं नाही, इतका मी शहाणा.

मागच्या जानेवारीत ती गेली. कुर्ता अर्धाच राहिला.

आता घरात मराठी बोलायला कोणी नाही. मुलगी उत्कर्षा बंगळुरूला. तिला मराठी कळतं, पण फोनवर उत्तर हिंदीतच देते. कुर्ता आपांकडून पुरा करून घ्या, असं तीच म्हणाली. मला पटलं. पद्मिनीच्या वाढदिवसाला तो घालायचा ठरवून मी चौकात नेऊन दिला. देताना सवयीनं तोंडातून निघून गेलं, की जिथे बिघडलंय तिथे नीट करा.

महिन्यानं गेलो. आपांनी कुर्ता पसरला. बोट ठेवायला जागा नव्हती, सगळ्या पाकळ्या एकसारख्या. मी पद्मिनीचे टाके शोधू लागलो. एकही सापडेना. विचारल्यावर आपा सरळपणे म्हणाल्या, की साहब, आपणच नीट करायला सांगितलं होतंत. एका वेलीत दोन हात दिसले तर आमच्यात ते काम पुरं मानत नाहीत, म्हणून त्यांचं सगळं उसवून नव्यानं भरलं. उसवलेले दोरे विचारले, तर ते कधीच केरात गेले होते.

पद्मिनी दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी तिला मीच घालवलं होतं. परक्या बाईसमोर मला रडू आलं.

आपांनी कुर्त्याचा खालचा घेर माझ्यापुढे धरला. तिथे वेलीपासून दूर, एकटंच, एक वेडंवाकडं फूल होतं.

"ये हमने नहीं उधेड़ा, साहब," त्या म्हणाल्या. "ये छापे में था ही नहीं. हाथ उनका कच्चा था, पर ये उन्होंने अपने मन से बनाया है. हम तो चालीस साल में छापे से बाहर एक पत्ती नहीं काढ़ पाए."

घरी आल्यावर मी टेबलाचा दिवा लावला, जाडजूड पुस्तकं काढली. पाकळ्या मोजल्या, एकदा पाच भरल्या, एकदा सहा. मोगरा नाही, कण्हेर नाही, तिच्या माहेरच्या रानातलं म्हणावं तर तेही नाही. कुठल्याच कुळात बसेना.

"अगं, हे कुठलं फूल?" मी बाल्कनीकडे तोंड करून विचारलं, आणि उत्तराची वाट बघत बसलो.