मारुतीचं कवच

राजनंदिनी मुंबईच्या एका कलासंग्रहालयात प्रशिक्षण घेत होती. जुन्या मूर्तींचे, चित्रांचे रंग कशाचे बनलेत आणि का बिघडतात, हे प्रयोगशाळेत तपासायचं. नांदूरघाटच्या अलीकडं तिच्या गावात याला ‘म्युझियमला लागली’ म्हणत आणि लगेच विचारत, परमनंट का? शिकाऊ माणसाला मूळ वस्तूला हात लावू देत नाहीत, त्यामुळं वर्षभर तिनं मुख्यतः काचपट्ट्या पुसल्या. शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडमनी सांगितलं, प्रकल्पाचा नमुना मार्चच्या आत स्वतः मिळव, नाहीतर प्रमाणपत्र विसर.

तेवढ्यात गावच्या मारुतीनं कवच सोडलं. पिढ्यानपिढ्या तेल-शेंदराचे लेप चढून झालेली जाड खपली अख्खी निखळून पडली. तिचा मोहरीएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की प्रत्येक पिढीचा शेंदूर वेगळा दिसणार होता. पण रिवाजाप्रमाणं कवच वाजतगाजत नदीत सोडतात. राजनंदिनीनं माजी सरपंच बबनरावांना फोन करून कंठशोष केला, की हा ठेवा आहे, जपला पाहिजे, मी येईपर्यंत बुडवू नका. बबनरावांना पटलं. पुढाऱ्याला एखादी गोष्ट पटली की घाबरावं, हे प्रशिक्षणात नव्हतं.

ती पोचली तेव्हा कवच देवळात काचेच्या सीलबंद पेटीत होतं. भेगा रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवून वर नारिंगी ऑइलपेंट मारलेला. पेटीवर हात जोडलेल्या बबनरावांचा फोटो आणि ‘सौजन्य’.

“लई दिवस टिकंल आता,” बबनराव म्हणाले. “तूच म्हनलीस ना, जपा म्हनून?”

“काका, मला मोहरीएवढा तुकडा पाहिजे होता फक्त.”

“आता कसं फोडायचं, माय? लोक नवस बोलायलेत त्याला.”

खाली पडलेली भुकटी तरी? ती गहिनीनाथ गुरवानं झाडून नदीत सोडली होती. रिवाज मोडू नये म्हणून.

गुरवानंच मग तिची समजूत काढली. पुढच्या टायमाला पैला तुकडा तिलाच.

“पुढच्या म्हणजे कधी?”

गहिनीनाथनं देवाकडं बघून हिशेब केला. “ह्याच्या आदी सोडलतं, तवा माजा आजा पाळन्यात व्हता.”

बबनरावांनी तिच्या हातात नारळ दिला. शास्त्रज्ञ म्हणून पेटीचं उद्घाटन तिच्याच हस्ते ठेवलं होतं, सगळे त्यासाठीच खोळंबले होते. तिनं नारळ फोडला. जरा जोरातच फोडला. गुरवानं खोबऱ्याचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

मोहरीपेक्षा बराच मोठा होता.