जोडीदार : खुंटी

तंत्रनिकेतनातल्या कृषी उत्पादनाच्या वर्गात एकतीस जण होते आणि प्रात्यक्षिकं जोडीनं करायची होती. गणितात कच्च्या माणसालाही कळेल, एक उरणार. उरली तिला सगळे 'एकतिसावी'च म्हणू लागले. वसतिगृहातही तिच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी होती.

पेरणीची ओळ सरळ यावी म्हणून दोरी ताणतात, आणि दोरीला, काही इलाज नाही, टोकं दोन असतात. तिनं एका टोकाला लाकडी खुंटी ठोकली, दुसरं स्वतः धरलं. वर्गात सर्वांत सरळ ओळ तिचीच आली. बाकीच्यांची गप्पांकडे कलली होती.

प्रात्यक्षिकवहीत मात्र 'जोडीदाराचं नाव' हा रकाना होता. तो कोरा म्हणून वही दोनदा परत आली. तिसऱ्यांदा तिनं चिडून लिहिलं, 'खुंटी'.

कार्यालयातल्या भाऊसाहेबांना कोऱ्या रकान्याखेरीज जगातलं काहीच खटकत नसे. त्यांनी 'कु. खुंटी' पटावर चढवली आणि रिकामी खाटही तिच्या नावे करून टाकली.

रविवारी आईचा फोन आला.

"मिळाली का गं जोडीदारीण?"

"मिळाली."

"कशी आहे?"

"सरळ आहे. बोलत नाही फारशी."

"असतो एकेकीचा स्वभाव. तू बोलत जा."

ती बोलत गेली. "सरक गं जरा डावीकडे," म्हणायची आणि स्वतःच उठून सरकवायची.

दुसऱ्या महिन्यात उशिरा प्रवेश मिळालेली एक मुलगी ट्रंक घेऊन कार्यालयाबाहेरच्या बाकावर येऊन बसली. बत्तिसावी! एकतिसावी वाफ्यावरून धावत आली, तिला म्हणाली, "इथंच बस हं," आणि आत शिरली.

"भाऊसाहेब, हिला माझ्या जोडीला द्या. खोलीतही."

भाऊसाहेबांनी पट पाहिला. "तुमची जोडी पूर्ण आहे. खोलीही भरलेली."

"अहो, खुंटी लाकडाची आहे!"

"असेल. नाव कमी करायला तिचा स्वतःचा अर्ज लागेल."

ती पुन्हा वाफ्याकडे धावली, खुंटी उपटली आणि मातीसकट त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. भाऊसाहेबांनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं.

"सही येत नसेल तर अंगठा चालला असता," ते म्हणाले. मग मुकाट्यानं नावावर रेघ मारली.

बाहेर बाक रिकामा होता. शेजारच्या वाफ्यावरच्या दोघी बत्तिसावीला ट्रंकेसकट घेऊन गेल्या होत्या. दोरीला मधलं टोक नसतं, पण त्यांनी तिच्यासाठी काढलं होतं. हसण्याचा आवाज इथवर येत होता.

एकतिसावी वाफ्यावर गेली. जुन्या भोकात खुंटी ठोकली, हलवून घट्ट केली.

"रागावलीस?"

उत्तर आलं नाही. स्वभाव.

ओळ सरळच आली. वही भरताना ती जोडीदाराच्या रकान्यापाशी थांबली. पटावर आता खुंटीही नव्हती.