हंसांच्या चोचींचा प्रश्न

मानवजातीची आजवरची सगळी वाटचाल ही नेमकेपणाच्या दिशेने झालेली वाटचाल आहे. ज्या दिवशी माणसाने दोन काठ्या शेजारी ठेवून त्यातली लांब कुठली हे पाहिलं, त्याच दिवशी तो जनावरांतून उठला. मिलिमीटर यांनी हे विधान शिलाई मशीनवर ताठ बसून केलं, आणि मग ते स्वतः उठायला गेले तेव्हा मशीनही त्यांच्याबरोबर थोडं उठलं. गोधडीच्या तुकड्याबरोबर त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही शिवून टाकली होती. टाके मात्र एका ओळीत होते, हे मान्य करायला हवं.

मिलिमीटर हे नाव त्यांना इमारतीने बहाल केलं होतं. त्यांची उभी हयात वजनमाप खात्यात गेली. लिटर म्हणून जे देतात ते लिटर आहे का, मीटर म्हणून जे फाडतात ते मीटर आहे का, हे पाहायचं. कोणी कमी दिलं तर ते दंड करत, आणि जास्त दिलं तरी समज देत. जास्त देणं हीही चूकच, फक्त त्याबद्दल गिऱ्हाईक तक्रार करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीनंतर तपासायला घर तेवढं उरलं. पडद्यांच्या खालच्या कडा जमिनीपासून सारख्या उंचीवर नाहीत, चहाचे कप एका मापाने भरलेले नाहीत, वगैरे निष्कर्ष ते रोज जाहीर करत. त्यांची बायको, जिला सगळा मजला काकू म्हणे, ते निष्कर्ष पंख्याच्या आवाजासारखे ऐकत असे. म्हणजे ऐकत नसे.

असा माणूस मशीनवर का बसला, तर काकूंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट गेलं, आणि गोधडी अर्ध्यावर राहिली. लेक रविवारी निघणार होती. लांबच्या शहरात नोकरी लागली होती, इतक्या लांबच्या, की तिथे ऊन असतं तेव्हा इथे दिवे लागलेले असतात. काकूंनी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हत्या. त्यांनी तिच्याबरोबर पाठवायची एक वस्तू ठरवली होती, आणि ती नेमकी अर्धी होती.

गोधडीवर उडते हंस होते. हंस म्हणजे तसा त्रिकोणच. मधला मोठा त्रिकोण हंस, त्याच्या दोन्ही खांद्यांवरचे छोटे त्रिकोण आभाळ. असे चौकटीतले हंस एकापुढे एक जोडत गेलं की थवा होतो, सगळ्यांच्या चोची एका दिशेला. हंसांचं कापड लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकांचं होतं आणि आभाळ एका जुन्या फिक्या निळ्या चादरीचं. पायथ्याकडचा थवा काकूंच्या हातून उडालेला होता. उशीकडचा अजून जमिनीवर होता, फ्रॉकांच्या रूपात.

घरात माणसं तीन, आणि एकाचंही बूड टेकत नव्हतं. ज्याचं टेकलं होतं त्याचे पाय पायडलवर हलत होते. लेक बॅग भरायची, उपसायची, परत भरायची. चेनचा आवाज सतत चालू. काकू स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत जात, खिडकीतून काही दिसलं नाही की परत येत, मग डाव्या हाताने जी वस्तू सरळच आहे तिला सरळ करत. येता-जाता मशीनपाशी थांबून शिकवत.

हंसाच्या कापडाचा आयत घ्यायचा. त्याच्या कोपऱ्यावर आभाळाचा चौकोन, काठाला काठ लावून. चौकोनावर खडूने तिरपी रेघ. रेघेवरून शिवायचं नाही, एका दोऱ्याइतकं बाहेरच्या अंगाने शिवायचं, कारण घडी पडताना कापड तेवढं खातं. कोपरा छाटायचा, चौकोन उलटा पाडायचा, इस्त्री फिरवायची. मग दुसऱ्या बाजूने तसंच.

एक दोरा म्हणजे किती, असं मिलिमीटरांनी विचारलं. दोऱ्याइतका, असं काकू म्हणाल्या. कुठला दोरा, हा पुढचा प्रश्न होता. काकूंनी आपल्या प्लॅस्टरकडे पाहिलं. ते चांगलं जड होतं, पण त्या सुसंस्कृत बाई होत्या.

दरम्यान लेकीने मोबाईलवर वडिलांना एक बाई दाखवली, जी एका मोठ्या चौकोनातून एका दमात चार हंस काढत होती. मिलिमीटरांनी ते चष्मा सारखा करून पाहिलं आणि नापास केलं. चार हंस एकदम निघणार असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी कशी होणार?

घोळ झाला तो काकू प्लॅस्टर दाखवायला दवाखान्यात गेल्या त्या दुपारी. लेक त्यांच्याबरोबर गेली. मिलिमीटर घरात एकटेच, त्यात रविवार जवळ आलेला आणि हात शिवशिवत होते. आपण सगळं कापून ठेवू, म्हणजे नुसतं शिवायचं राहील, असं त्यांनी ठरवलं. काकूंच्या पत्र्याच्या डब्यात कापण्यासाठी पुठ्ठ्याचे साचे होते. मिलिमीटर कुठल्याही साच्यावर तसाच विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी स्टीलची पट्टी काढली आणि गोधडीवरचा एक तयार हंस मोजला. चार इंच रुंद, दोन इंच उंच. मग पुठ्ठा मोजला. पुठ्ठा रुंदीलाही आणि उंचीलाही अर्धा इंच मोठा निघाला.

त्यांना खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण गावभर लोकांची मापं धरत हिंडलो आणि आपल्याच घरात सदोष माप राजरोस वापरात होतं. कायद्यात अशा मापाचं जे करतात तेच त्यांनी केलं. पुठ्ठ्यावर लाल पेनने फुली मारून तो बाद केला. मग सगळे फ्रॉक आणि उरलेली सगळी चादर काटेकोर चार बाय दोन आणि दोन बाय दोनमध्ये कापून काढली. कात्री थांबली तेव्हा कापडाची एक चिंधीही वाया गेली नव्हती. नमुन्यादाखल त्यांनी थोडे हंस शिवूनही ठेवले. चोच चौकटीच्या अगदी काठाला टेकलेली, इकडे नाही, तिकडे नाही. नोकरीत असते तर त्यांनी स्वतःला प्रमाणपत्र दिलं असतं.

काकू आल्या. त्यांनी कापलेली चळत पाहिली, नमुन्याचा हंस उचलला, आणि डाव्या अंगठ्याने त्याचा वरचा काठ शिवणीत जाईल तेवढा दुमडला.

"चोच कुठाय?"

मिलिमीटरांनी पाहिलं. चोच नव्हती. त्यांनी उलट बाजूने पाहिलं. तिथेही नव्हती.

"शेजारचा तुकडा जोडायला काठ आत जातो की नाही? त्यासाठी माया सोडतात. चारही बाजूंनी. पुठ्ठा मोठा होता तो त्यासाठी."

"पण मग तसं लिहायला हवं होतं," मिलिमीटर म्हणाले. "पुठ्ठ्यावर."

काकू खुर्चीत बसल्या. त्या आठवड्यात त्या पहिल्यांदाच बसत होत्या, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. फ्रॉक संपले होते. ते कुठल्या दुकानात मिळणारे फ्रॉक नव्हते. लेक दारात उभी राहून हे पाहत होती. तिने समजुतीच्या सुरात, म्हणजे सर्वांत वाईट सुरात, आईला सांगितलं की राहू दे आता, तसंही बॅगेत जागा नाहीये, आणि तिथे ब्लँकेटं मिळतात.

"मिळत असतील," काकू म्हणाल्या आणि उठून खिडकीशी गेल्या.

ती संध्याकाळ मिलिमीटरांनी दिवाणखान्याची लांबी पावलांनी मोजण्यात घालवली. लांबी बदलत नव्हती. उसवून काही होईल का, काठाला पट्टी जोडून काही होईल का, असे प्रस्ताव त्यांनी खिडकीच्या दिशेने मांडले. खिडकीने दखल घेतली नाही. लेकीने बॅग पुन्हा उपसली.

सकाळी मिलिमीटर उठून बाहेर आले तर काकू टेबलाशी उभ्या होत्या. एका हाताने तुकडे सरकवत, दुमडत, परत सरकवत. त्यांनी वर न बघता सांगितलं की प्रत्येक आयताची रुंदी अर्ध्या इंचाने कमी करा.

"कमी पडलंय, म्हणून अजून कापायचं?"

"हो."

"हे कुठल्या हिशेबात बसतं?"

"चौकोन आहेत तेवढेच ठेवायचे. आयत अरुंद झाला की दोन्ही रेघा काठाच्या खाली भेटतात. चोच खाली येते, वर जागा राहते. कापा."

मिलिमीटरांनी एक कापला, शिवला, शेजारच्या हंसाला जोडला. चोच शाबूत होती. शिवणीला नुसती टेकलेली, जशी टेकायला हवी तशी. फक्त हंस लहान झाला होता. काकूंच्या हंसांपुढे तो हंसाचं पिल्लू दिसत होता, आणि असे लहान हंस घेऊन रांग गोधडीच्या रुंदीला पुरत नव्हती. मिलिमीटरांनी ही तफावत नोंदवली.

"उशीकडे लावायचे सगळे," काकू म्हणाल्या. "लांब गेलेले लहानच दिसतात."

मग मिलिमीटरांनी पट्टी काढून हिशेब केला आणि कळवलं की पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर या मापाचे हंस फार तर भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या कपाटापाशी पोचलेले असतील. तेवढ्या अंतराला थवा लांब गेला म्हणणं धाडसाचं आहे. काकू म्हणाल्या, शिवा.

आता दोन्ही कडांना आभाळ कमी पडत होतं आणि चादर संपली होती. मिलिमीटर आत गेले, कपाटाशी बराच वेळ खुडबुड केली, आणि खात्याचा शेवटचा निळा शर्ट घेऊन बाहेर आले. तो त्यांनी निवृत्तीच्या दिवसापासून इस्त्री करून ठेवला होता. कशासाठी, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी त्याच्या लांब पट्ट्या कापल्या, या वेळी दोन्हीकडून माया सोडून, जरा जास्तच. खिसा उसवला तिथे कापड गडद निघालं. काकूंनी तो तुकडा ढग म्हणून मंजूर केला. नमुन्याचे बिनचोचीचे हंसही त्यांनी एका कोपऱ्यात बसवले. थव्यात असे एखाद-दोन असतातच, असं म्हणताना त्या कोणाकडे पाहत होत्या ते सांगायची गरज नाही.

अस्तर लावून धावदोरा घालायचं काम सगळ्यांनी उभ्याउभ्या केलं. मिलिमीटर पट्टी लावून टाके घालत. काकू डाव्या हाताने घालत, ते गावभर हिंडून येत. लेकही फोनवर बोलता बोलता सुई उचलायची, चार टाके घालून निघून जायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच सापडायची. बॅगेत जागा नाही हे मात्र तिने दोनदा आठवणीने सांगितलं.

रविवारी सकाळी गोधडी घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती. सगळे तिला वळसा घालून जात होते. मिलिमीटरांनी आपला जुना ताणकाटा आणून बॅग त्याच्या आकड्याला लटकवली. काटा थरथरला आणि विमानात जेवढ्या वजनाची परवानगी असते त्या आकड्यावर येऊन उभा राहिला. काठोकाठ.

"बरोब्बर," मिलिमीटर अभिमानाने म्हणाले, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

स्वयंपाकघरात काकूंनी एक भांडं एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवलं, आणि तेच परत पहिल्या जागी. लेक खुर्चीकडे पाहत उभी होती. मिलिमीटरांनी ताणकाटा हातात फिरवला, घसा खाकरला, खिडकीबाहेर पाहिलं.

"तसा हा काटा जुना झालाय," ते म्हणाले. "थोडंफार इकडेतिकडे दाखवतो."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या उभ्या हयातीत असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ते घाईघाईने ताणकाट्याचा आकडा पुसायला लागले, जो स्वच्छ होता.

लेक बॅग ओढत खोलीत गेली, जाताना खुर्चीवरचं उचलून. दार लोटलं. आतून चेन उघडल्याचा आवाज आला, मग बरंच काही काढल्याचा, दाबल्याचा, गुडघा टेकवल्याचा. चेन अर्ध्यावर अडली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. बाहेर काकू हातातला ओला फडका खाली ठेवायचं विसरून उभ्या होत्या. मिलिमीटरांचा श्वास मोजून चालला होता.

दार उघडलं. लेकीच्या दोन्ही हातांत बूट होते.

"आई, एखादी जुनी पिशवी आहे का गं? हे मावत नाहीयेत."